न आलेला दुसरा डोस

मार्च २०११. पाकिस्तानातल्या अबोटाबाद शहराच्या कडेला नवां शहर नावाची एक वस्ती आहे. हातावर पोट असलेल्यांची. त्या महिन्यात तिथल्या भिंतींवर हिपॅटायटिस-बीच्या लसीची पोस्टरं लागली. लस फुकट होती. आरोग्यसेविका थंड पेट्या घेऊन दारोदार फिरल्या, लोकांनी दंड पुढे केले, पहिला डोस टोचला गेला.

हिपॅटायटिस-बीची लस एकदा टोचून भागत नाही. महिन्याभरानं दुसरा डोस आणि काही महिन्यांनी तिसरा, तेव्हा कुठे पुरतं संरक्षण मिळतं. एप्रिलमध्ये दुसऱ्या डोसची वेळ आली, पण पथक नवां शहरात परत गेलंच नाही. ते शहराच्या दुसऱ्या बाजूला, बिलाल टाऊन नावाच्या बऱ्यापैकी सुखवस्तू भागात गेलं आणि तिथली दारं वाजवू लागलं.

लस खरी होती. मोहीम खोटी होती. तिचे प्रमुख डॉ. शकील आफ्रिदी हे खैबर भागातले सरकारी आरोग्य अधिकारी होते आणि मोहिमेमागे अमेरिकेची गुप्तहेर संस्था सीआयए होती. बिलाल टाऊनमधल्या एका घरात कोण राहतं, याची खात्री करून घेण्यासाठी त्या घरातल्या मुलांच्या रक्ताचा थेंब हवा होता. त्यातून डीएनए मिळाला असता आणि तो ओसामा बिन लादेनच्या नातलगांच्या डीएनएशी ताडून पाहता आला असता. नवां शहरातली पहिली फेरी केवळ मोहीम अस्सल वाटावी म्हणून होती.

ओसामाच्या मृत्यूवर खूप लिहिलं गेलं, चित्रपट निघाले. हेलिकॉप्टर, कमांडो, समुद्रातलं दफन हे सगळं जगाला पाठ आहे. पण त्या मृत्यूचा जो परिणाम सगळ्यात जास्त काळ टिकला, तो मला या न आलेल्या दुसऱ्या डोसात दिसतो. त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांचा अल् कायदाशी काही संबंध नव्हता आणि अमेरिकेशीही नव्हता.

*

अबोटाबाद हे नाव जेम्स अॅबट या इंग्रज अधिकाऱ्याचं. १८५३ साली त्यानं डोंगरांच्या कुशीत हे लष्करी ठाणं वसवलं. हवा थंड, शाळा चांगल्या, निवृत्त अधिकाऱ्यांचे बंगले. जवळच काकुल इथे पाकिस्तानची लष्करी प्रबोधिनी आहे. त्या प्रबोधिनीपासून जेमतेम दीड किलोमीटरवर, २००५ च्या सुमारास, एक तीन मजली घर उभं राहिलं. आजूबाजूच्या घरांपेक्षा त्याच्या भिंती कितीतरी उंच होत्या. काही ठिकाणी अठरा फूट, वर काटेरी तार. आत ना फोन, ना इंटरनेट. कचरा बाहेर टाकला जात नसे, आवारातच जाळला जाई. शेजारीपाजारी त्याला 'वझिरिस्तान हवेली' म्हणत.

पाकिस्तान सरकारनं नंतर न्यायमूर्ती जावेद इक्बाल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल सरकारनं दाबून ठेवला होता, तो २०१३ साली फुटला. ऑगस्ट २००५ पासून ओसामा त्या घरात राहत होता, असं त्यात नमूद आहे. वरून कोणी पाहिलं तर ओळख पटू नये म्हणून अंगणात फिरताना तो मोठ्या काठाची टोपी घालत असे, हेही त्यातूनच समजलं.

सीआयए या घरापर्यंत पोचली ती लसीमुळे नव्हे. ओसामाचे निरोप नेणारा अबू अहमद अल् कुवैती याचा माग काढत २०१० च्या ऑगस्टमध्ये हेर या दाराशी आले होते. उपग्रहातून अंगणात येरझाऱ्या घालणारा एक उंच माणूस दिसत होता, पण चेहरा दिसत नव्हता. ओबामांनी नंतर सांगितलं की, तो ओसामाच आहे याची शक्यता त्यांना निम्मीनिम्मी वाटत होती. खात्री वाढवायला जे उपाय सुचले, त्यातला एक म्हणजे लसीची पेटी.

त्या घरातल्या मुलांचा डीएनए या मोहिमेतून हाती लागला नाही, असंच पुढे अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सांगण्यातून समोर आलं. आफ्रिदींनी दिलेली माहिती उपयोगी पडली, असं तेव्हाचे संरक्षणमंत्री लिऑन पॅनेटा यांनी जानेवारी २०१२ मध्ये जाहीरपणे म्हटलं. ती किती उपयोगी पडली यावर वाद घालता येईल. पण ज्या रक्तासाठी हा सगळा घाट घातला, ते मिळालं नाही.

१ आणि २ मे २०११ च्या मधल्या रात्री, साधारण एकच्या सुमारास, जलालाबादहून निघालेली दोन हेलिकॉप्टरं बिलाल टाऊनवर आली. एक आवारातच आदळलं. चाळीस मिनिटांच्या आत काम उरकलं. ओसामा, त्याचा मुलगा खालिद, अबू अहमद, त्याचा भाऊ आणि त्या भावाची बायको असे पाच जण ठार झाले. ओसामाचा मृतदेह 'कार्ल विन्सन' या युद्धनौकेवरून अरबी समुद्रात सोडण्यात आला. कबर नको, म्हणजे यात्रा भरायला नको, हा हेतू. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत पाकिस्ताननं ते घरही पाडून टाकलं.

खुणा पुसायचं दोन्ही बाजूंनी मनावर घेतलं होतं. पण एक खूण पुसणं कोणाच्याच हातात नव्हतं.

*

जुलै २०११ मध्ये ब्रिटनच्या 'गार्डियन'नं खोट्या मोहिमेची बातमी छापली. आफ्रिदींना पाकिस्तानी यंत्रणांनी मे महिन्यातच उचललं होतं. त्या मोहिमेत राबलेल्या आरोग्यसेविकांच्या नोकऱ्या गेल्या. आपण कोणासाठी दारं वाजवतो आहोत, याची त्यांना कल्पना नव्हती. मोहीम 'सेव्ह द चिल्ड्रन' या संस्थेशी जोडली गेली. संस्थेनं साफ इन्कार केला, तरी सप्टेंबर २०१२ मध्ये तिच्या परदेशी कर्मचाऱ्यांना पाकिस्तान सोडायला लागलं.

बातमीत हिपॅटायटिस होता, पण तिचा घाव बसला पोलिओवर. याचं कारण पोलिओच्या कामाच्या पद्धतीत आहे. बाकीच्या लसींसाठी आई मुलाला दवाखान्यात नेते. पोलिओ हटवायचा तर लसवालीलाच घरी यावं लागतं, आणि तेही एकदा नाही. दर महिन्या-दोन महिन्यांनी, पुन्हा पुन्हा. तोंडात दोन थेंब, डाव्या करंगळीला शाई, दारावर खडूनं खूण. विषाणू सांडपाण्यातून पसरतो. लागण झालेल्या साधारण दोनशे मुलांमागे एकच लुळं पडतं, बाकीच्यांत तो न दिसता फिरत राहतो. म्हणून एखाद्या गल्लीतली दहा मुलं सुटली, तरी विषाणूला घर मिळतं. एकदा पाय गेला की तो परत आणणारं औषध नाही.

पाकिस्तानात ही मोहीम १९९४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पंतप्रधान बेनझीर भुट्टो यांनी आपल्या धाकट्या मुलीला, आसिफाला, स्वतःच्या हातानं थेंब पाजले होते. त्याच वर्षी 'लेडी हेल्थ वर्कर' योजना आली. गावातल्या थोड्याफार शिकलेल्या बाईला प्रशिक्षण द्यायचं आणि तिच्याच मोहल्ल्याचं आरोग्य तिच्या हाती सोपवायचं, अशी ती रचना. आपल्याकडच्या आशाताईंचं काम जवळून पाहिलेल्याला ही बाई लगेच ओळखू येईल. परक्या पुरुषाला उंबऱ्याच्या आत येऊ न देणाऱ्या घरात तिला चहा मिळतो. ती आत जाऊ शकते, हीच त्या सगळ्या योजनेची कमाई.

या बाईवर संशय घेणारे २०११ च्या आधीही होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. थेंबांनी मुलं वांझ होतात, मुसलमानांची संख्या कमी करायचा हा डाव आहे, असा प्रचार सरहद्दीवर जुनाच. स्वातमध्ये मौलाना फझलुल्लाह रेडिओवरून हेच सांगत असे. फेब्रुवारी २००७ मध्ये बाजौरमध्ये लोकांना लसीचं महत्त्व पटवून परतणाऱ्या एका डॉक्टरला रस्त्यातल्या बॉम्बस्फोटात मारलं गेलं. पुरानं, लष्करी कारवायांनी, गलथान कारभारानं मोहिमा कोलमडत होत्याच. २०१० मध्ये पाकिस्तानात १४४ मुलं पोलिओनं लुळी झाली आणि २०११ मध्ये १९८.

मग अबोटाबादनं नवीन काय केलं? आधी अफवा पसरवणाऱ्याला पुरावा द्यावा लागत असे आणि त्याच्याकडे तो नसे. मशिदीतले समजूतदार इमाम, शाळेतले मास्तर, मोहल्ल्यातली वडीलधारी माणसं अफवेला उत्तर देत: लसवाल्या बाया हेर आहेत म्हणतोस, दाखव एक तरी. जुलै २०११ नंतर दाखवायला एक मोहीम होती. ज्यांनी वर्षानुवर्षं लसीची बाजू घेऊन स्वतःची पत पणाला लावली होती, त्यांच्या तोंडचा शब्द काढून घेतला गेला. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी पाकिस्तानच्या जिल्ह्याजिल्ह्यांचे आकडे तपासले. जिथे धार्मिक पक्षांना जास्त मतं पडत होती तिथे लसीकरण अधिक घसरलं होतं, आणि ते पोलिओपुरतं थांबलं नव्हतं. बाळांच्या इतर लसीही चुकल्या होत्या.

*

जून २०१२ मध्ये उत्तर वझिरिस्तानचा तालिबानी म्होरक्या हाफिज गुल बहादूर यानं फर्मान काढलं: अमेरिकेचे ड्रोन हल्ले थांबेपर्यंत पोलिओची लस बंद. दक्षिण वझिरिस्तानातही मुल्ला नझीरच्या गटानं तोच कित्ता गिरवला. लसीआडून हेरगिरी होते, याला आता आफ्रिदींचं नाव जोडलं जाऊ लागलं होतं. दोन-अडीच लाख मुलं एका फटक्यात लसीच्या बाहेर गेली. ज्यांच्या डोक्यावर ड्रोन घिरट्या घालत होते त्यांचीच ही मुलं, आणि त्यांनाच ओलीस धरलं होतं.

त्यानंतर गोळ्या सुरू झाल्या.

१७ डिसेंबर २०१२ ला पाकिस्तानात तीन दिवसांची पोलिओ मोहीम सुरू झाली. पहिल्याच दिवशी कराचीत एका स्वयंसेवकाला गोळ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कराचीच्या वेगवेगळ्या वस्त्यांत, थोड्याथोड्या मिनिटांच्या अंतरानं, मोटारसायकलवरून आलेल्या मारेकऱ्यांनी चार बायकांना ठार केलं. त्याच दिवशी पेशावरमध्ये एका तरुण मुलीचा जीव घेतला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांना आपलं काम थांबवावं लागलं. दोन आठवड्यांनी, नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी, स्वाबी जिल्ह्यात एका सेवाभावी संस्थेची गाडी अडवून सात जणांना मारलं. त्यात सहा बायका होत्या.

या बायकांना दिवसाकाठी अडीचशेच्या आसपास पाकिस्तानी रुपये मिळत. कोणाचा नवरा आजारी, कोणाची मुलं शाळेत, कोणी स्वतःच्या शिक्षणाचा खर्च काढत असलेली. खांद्याला निळी-पांढरी पेटी आणि हातात घरांची यादी, एवढंच त्यांचं सामान. त्यातल्या अनेक जणी भीती ओसरण्याआधीच पुन्हा कामावर गेल्या. त्यांच्यासोबत आता बंदूकधारी पोलीस जाऊ लागले, आणि मारेकरी पोलिसांनाही मारू लागले. जानेवारी २०१६ मध्ये क्वेट्टात लसीकरण केंद्राबाहेर झालेल्या स्फोटात पंधरा जण गेले, त्यात बहुतेक मोहिमेच्या बंदोबस्तासाठी जमलेले पोलीस होते. जानेवारी २०१८ मध्ये त्याच शहरात थेंब पाजत फिरणाऱ्या मायलेकींना एकत्रच गोळ्या घातल्या. जानेवारी २०२४ मध्ये बाजौरमध्ये मोहिमेवर निघालेल्या पोलिसांच्या गाडीखाली बॉम्ब फुटला. २०१२ पासून आजवर अशा हल्ल्यांत शंभराहून अधिक लसवाल्या, लसवाले आणि त्यांचे राखणदार मारले गेले आहेत.

सोबत बंदूक आली, तशी दारातली बाईही बदलली. जिला चहा मिळत असे, ती आता पोलिसांच्या गराड्यात येते. घरात ज्यांच्या मनात शंका आहे त्यांची शंका त्या बंदुकीनं वाढते. मग वाद टाळायला काही आई-बाप लसवालीलाच गळ घालतात: थेंब नको, नुसती शाई लाव. कधी तीही घाबरून, दमून, शाई लावून पुढे जाते. कागदावर मूल सुरक्षित असतं.

*

विषाणूला सरहद्द कळत नाही. २०११ मध्येच पाकिस्तानातला पोलिओ चीनच्या शिनजियांगमध्ये पोचला होता. २०१२ च्या अखेरीस तो कैरोच्या सांडपाण्यात सापडला, २०१३ मध्ये इस्रायलच्या, आणि त्याच वर्षी यादवीनं पोळलेल्या सीरियात मुलं लुळी पडू लागली. जानेवारी २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की, पेशावर हे पोलिओच्या विषाणूचं जगातलं सर्वांत मोठं कोठार झालं आहे. मे २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर झाली आणि पाकिस्तानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला लसीचा दाखला सक्तीचा झाला. त्या वर्षी तिथे ३०६ मुलं लुळी झाली. दीड दशकातला तो सर्वांत वाईट आकडा होता, आणि त्यातली बहुतेक मुलं ज्या टापूत लस बंद पाडली गेली होती त्या आदिवासी पट्ट्यातली आणि त्याच्या आसपासची होती.

त्याच वर्षी, २७ मार्च २०१४ ला, भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. आपल्याकडची शेवटची नोंद १३ जानेवारी २०११ ची, पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यातली. नवां शहरात पोस्टरं लागली त्याच्या दोनच महिने आधीची. पाचच वर्षांत दोन शेजारी दोन टोकांना गेले, हे पाहून मन गलबलतं, कारण सुरुवातीला आपली अवस्था अधिक वाईट होती. २००९ मध्ये जगात पोलिओच्या सोळाशेच्या वर केसेस नोंदल्या गेल्या, त्यातल्या ७४१ भारतातल्या होत्या. मुरादाबाद, मीरत, अलीगढच्या गल्ल्यांत हेच ऐकू येई की, थेंबांनी मूल वांझ होतं. आपल्या मालेगावातही २०१० पर्यंत पोलिओ होता आणि तिथेही ही शंका होती. यंत्रमागाच्या खडखडाटात लसवालीला दारातून परत पाठवणारी घरं होती.

मग आपल्याकडे काय केलं गेलं? अलीगढ आणि जामियासारख्या विद्यापीठांतले प्राध्यापक वस्त्यांत उतरले. इमामांनी नमाजानंतर लसीची घोषणा केली. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे त्याच मोहल्ल्यातल्या बायकांना समजावण्याच्या कामावर नेमलं गेलं. नकार देणाऱ्या घरी तीच बाई पुन्हा गेली, मग पुन्हा. कधी थेंबांविषयी न बोलता आधी मुलाच्या जुलाबांची चौकशी केली. आपल्यापैकी ज्यांच्या घरात १९९५ नंतर मूल वाढलं, त्यांना पल्स पोलिओचा रविवार आठवत असेल. अंगणवाडीतलं टेबल, ओळखीच्या ताई, आणि सोमवारी न आलेल्या मुलांना शोधत त्याच ताईंचं घरी येणं. त्या दुसऱ्या दिवशीच्या फेरीनं पोलिओ गेला.

आणि हे मिळवल्यावरही शेजारच्या आगीची धग आपल्याला लागत होती. वाघा आणि मुनाबाव इथे सीमा ओलांडून येणाऱ्या लहान मुलांना थेंब पाजायची सोय करावी लागली. मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने २००१ पासून पोलिओसाठी तपासले जातात, ते अजून थांबलेले नाहीत.

*

जानेवारी २०१३ मध्ये, कराचीच्या हत्यांनंतर तीन आठवड्यांनी, अमेरिकेतल्या बारा सार्वजनिक आरोग्य विद्यालयांच्या प्रमुखांनी ओबामांना पत्र लिहिलं. हेरगिरीसाठी लसीकरणाचा वापर पुन्हा करू नका, अशी मागणी होती. उत्तर यायला सोळा महिने लागले. मे २०१४ मध्ये ओबामांच्या सल्लागार लिसा मोनॅको यांनी कळवलं की, लसीकरण मोहिमा किंवा लस देणारे कर्मचारी यांचा वापर करायचा नाही आणि अशा मोहिमांतून मिळालेला जनुकीय नमुनाही वापरायचा नाही, असा आदेश सीआयएच्या संचालकांनी ऑगस्ट २०१३ मध्ये दिला आहे.

आश्वासन चांगलंच होतं. पण ते वॉशिंग्टनमध्ये इंग्रजीत दिलं गेलं होतं, आणि शब्द मोडला होता तो अबोटाबादच्या एका वस्तीत, दारात उभं राहून. जो शब्द दारात मोडला, तो पत्रानं जोडला जात नाही.

स्वतः आफ्रिदींचं काय झालं? मे २०१२ मध्ये त्यांना ३३ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. खटला चालला तो इंग्रजांनी १९०१ साली सरहद्दीच्या टोळ्यांसाठी केलेल्या कायद्याखाली, आरोपीला वकील न देता. शिक्षा अमेरिकेला मदत केल्याची नव्हती, लसीच्या नावाखाली लोकांना फसवल्याचीही नव्हती. खैबरमधल्या एका दहशतवादी टोळीशी संबंध ठेवल्याची होती. अमेरिकेच्या सिनेटच्या समितीनं प्रत्येक वर्षाला एक दशलक्ष या हिशेबानं पाकिस्तानच्या मदतीतून ३३ दशलक्ष डॉलर कापायचं ठरवलं. पुढे शिक्षा २३ वर्षांवर आली. त्यांच्या वकिलाची, समीउल्लाह आफ्रिदी यांची, मार्च २०१५ मध्ये पेशावरमध्ये हत्या झाली. एका देशाला ते वीर वाटतात, दुसऱ्याला देशद्रोही. त्या दोन्ही शब्दांत नवां शहर कुठेच बसत नाही. डॉक्टर म्हणून त्यांनी ज्यांना पहिला डोस दिला आणि दुसऱ्यासाठी ज्यांच्याकडे ते फिरकले नाहीत, त्या माणसांचा खटला कोणत्याच न्यायालयात उभा राहिला नाही.

*

ही गोष्ट फक्त ऱ्हासाची नाही, हेही लिहायला हवं. जून २०१४ मध्ये पाकिस्तानी लष्करानं उत्तर वझिरिस्तानात कारवाई सुरू केली. लाखो लोक घरदार सोडून बन्नूकडे निघाले. त्या लोंढ्यात दोन वर्षं लसीला मुकलेली मुलं होती. नाक्यानाक्यांवर त्यांना थेंब पाजले गेले. पुढच्या वर्षापासून कराची, पेशावर आणि क्वेट्टाच्या अवघड वस्त्यांत मोहिमेपुरती बाहेरची माणसं आणण्याऐवजी वस्तीतल्याच बायका वर्षभरासाठी नेमल्या जाऊ लागल्या. मुरादाबादला जे केलं गेलं त्याच जातीचं हे काम होतं. ओळखीचा चेहरा, पुन्हा पुन्हा. २०१५ मध्ये ५४ केसेस, २०१६ मध्ये २०, २०१७ मध्ये केवळ ८.

मग एप्रिल २०१९ मध्ये पेशावरजवळच्या माशोखेल गावात बोलवा उठली की, थेंब पिऊन शाळेतली मुलं बेशुद्ध पडली. मुलांना बेशुद्ध पडायला सांगणाऱ्या माणसाची चित्रफीतही बाहेर आली, पण तोवर उशीर झाला होता. मशिदींच्या भोंग्यांवरून घोषणा झाल्या, घाबरलेल्या आई-बापांनी हजारो धडधाकट मुलं इस्पितळात नेली, गावचं आरोग्य केंद्र जमावानं जाळलं. मोहीम थांबवावी लागली. त्या वर्षी १४७ मुलं लुळी झाली. एक खोटी बातमी एका दुपारीत एवढं करू शकली, कारण खाली जमीन आधीच भुसभुशीत होती. आठ वर्षांपूर्वी एक खरी बातमी येऊन गेली होती.

२०२१ मध्ये पाकिस्तानभरात एकच केस होती. जगाला वाटलं, संपलं. एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा एक मूल लुळं पडलं, उत्तर वझिरिस्तानात. त्या वर्षीच्या वीसपैकी सतरा मुलं त्याच एका जिल्ह्यातली होती. त्याच वर्षी आफ्रिकेत मलावीच्या राजधानीत तीन वर्षांच्या एका मुलीच्या शरीरात जो विषाणू सापडला, त्याची वंशावळ सिंधपर्यंत जात होती. २०२४ मध्ये पाकिस्तानातला आकडा ७४ वर गेला. निसर्गातला पोलिओ आज जगात दोनच देशांत ठाण मांडून आहे, पाकिस्तान आणि अफगाणिस्तान.

यातलं प्रत्येक मूल ओसामाच्या मृत्यूच्या हिशेबात धरणं चुकीचं ठरेल. तालिबाननं लस बंद केली ती स्वतःच्या निर्णयानं, आणि बायकांवर गोळ्या झाडणाऱ्या हातांचं पाप त्या हातांचंच आहे. गरिबी, घाण पाणी, दुबळं शासन यांचाही वाटा मोठा आहे. ओसामाला शोधायलाच नको होतं असं मी म्हणत नाही. न्यूयॉर्कपासून नैरोबीपर्यंत त्यानं जे घडवलं, त्याचा जाब कधीतरी घेतला जाणारच होता. पण जाब घेताना जी गोष्ट वापरली गेली, ती वापरणाऱ्यांच्या मालकीची नव्हती. लसवालीला आत घेणारा विश्वास अमेरिकेनं निर्माण केला नव्हता, पाकिस्तान सरकारनंही नाही. तो दारोदार फिरणाऱ्या हजारो बायकांनी, उन्हातान्हात, त्याच घरी दहाव्यांदा जाऊन जमवला होता. तो खर्च झाला, आणि ज्या डीएनएसाठी खर्च झाला तोही हाती आला नाही.

पहिल्यांदा कोणीही दारात येऊ शकतं. विक्रेता येतो, मत मागणारा येतो, हेरही येतो. दुसऱ्यांदा येते ती आपली असते. लसीकरण म्हणजे औषधाबरोबर दिलेलं परत येण्याचं वचन असतं. नवां शहरातल्या माणसांनी मार्च २०११ मध्ये दंड पुढे केला, तेव्हा त्यांनी ते वचन स्वीकारलं होतं.

बिलाल टाऊनमधलं ते घर आता नाही. ज्याला शोधलं, तोही नाही. पण पाकिस्तानात आजही मोहिमेच्या सकाळी हजारो बायका खांद्याला पेटी लावून निघतात, एखादं दार वाजवतात, आणि आतून विचारलं जातं, कोण? त्या आपलं नाव सांगतात, मोहल्ला सांगतात, मागच्या महिन्यातही आलो होतो म्हणून सांगतात. दुसऱ्या कोणीतरी मोडलेलं वचन त्या रोज थोडंथोडं फेडत आहेत.